अंतर कोण मोजतं?

लोणी काळभोरला भावाच्या घरी परवा बैठकच बसली. भाचीला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. 'नीट'चे गुण हाती आले, आता महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायचा. शिरवळ, मुंबई, परभणी, उदगीर, नागपूर. दादा म्हणाला, "शिरवळ सोडून दुसरं नाव लिहायचं नाही. साठेक किलोमीटरवर आहे, बास." आणि मैत्रिणींनो, इतकी वर्षं चळवळीत काढलेली मीही पटकन म्हणाले, "हो, जवळच बरं!"

भाची म्हणाली, "आत्या, भाऊ इंजिनिअरिंगला गेला तेव्हा कुणी किलोमीटर मोजले होते?"

मी गप्प झाले.

मुंबईचं महाविद्यालय १८८६चं, शिरवळचं १९८८चं. पदवी सगळीकडे तीच, आंतरवासिता धरून साडेपाच वर्षांची. पण एकच नाव लिहिलं आणि तिथे जागा मिळाली नाही, तर? मुलीचं डॉक्टर होणं तिथेच थांबतं. 'जवळच' या शब्दात हा नकार लपलेला असतो.

शेण, वैरण, धारा वहिनीच्याच हातच्या. गाय अडली की रात्रभर गोठ्यात तीच बसते. मग तिच्या लेकीने हे शास्त्र शिकायला एवढी कुंपणं का?

काळजी जरूर करू. वसतिगृह कसं आहे, रात्रपाळीला मुलींची सोय काय, हे विचारू. तेही मुलीला बरोबर घेऊन.

भाचीने सगळी नावं लिहिली. पहिलं शिरवळच आहे. पण ते तिने ठरवलेलं आहे.