पिनेचा सातबारा

रास्पबेरी पायवरची १५ क्रमांकाची जीपीआयओ पिन सीरियल पोर्टची ‘ऐकणारी’ पिन असते. तिला जीपीएस जोडलेला असताना दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तीच पिन एलईडीसाठी म्हणून आउटपुट करून टाकली, की जीपीएस विद्युतदाब खाली ओढतो आणि पाय वर ढकलतो. वाचन तर बिघडतेच, कधी पिनही कायमची जाते. चिप कुणालाच अडवत नाही. पहिल्या पायच्या बीसीएम२८३५ चिपमध्ये अशा ५४ जीपीआयओ. प्रत्येकीचे काम तीन बिटांवर ठरते आणि शेवटी जो लिहील त्याचे चालते.

म्हणूनच मालकीची नोंद लिनक्सच्या कर्नलकडे हवी. लिनस वालेई यांनी उभारलेली ‘पिनकंट्रोल’ व्यवस्था जानेवारी २०१२ मध्ये लिनक्स ३.२ बरोबर आली. त्याआधी एआरएम चिपांच्या कोडमध्ये ज्याची त्याची वेगळी तऱ्हा होती. आता एका ड्रायव्हरने घेतलेली पिन दुसरा मागू लागला तर त्याला नकार मिळतो.

पण या सातबाऱ्यात एक फट राहिली आहे. पिनेच्या नावापुढे मालकाचे रकाने दोन: एक सीरियलसारख्या कामाचा, दुसरा जीपीआयओचा. दोन्ही एकाच वेळी भरता येतात! ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय लावला तरच ते थांबते. २०१५ पासून तो उपलब्ध आहे, तरी सक्तीचा नाही, कारण या ढिलाईवरच चालणारे जुने बोर्ड त्याने बंद पडतील. जुन्यांची अडचण समजते. नव्या चिपचा ड्रायव्हर लिहिणाऱ्याने मात्र पहिल्या दिवसापासून ‘स्ट्रिक्ट’च ठेवावे, बोर्ड बाजारात गेल्यावर ते जमत नाही.

याहून वाईट सवय आपल्या प्रयोगशाळांतून शिकवली जाते. आरपीआय.जीपीआयओसारखी लायब्ररी कर्नलला न विचारता थेट रजिस्टरमध्ये लिहिते. सातबारा एकाच्या नावावर, वहिवाट दुसऱ्याची. २०२३ च्या पाय ५ मध्ये पिना आरपी१ या वेगळ्या चिपकडे गेल्या आणि ही लायब्ररी तिथे चालेना. कर्नलमार्फत पिन मागण्याचा रीतसर मार्ग लिनक्स ४.८ पासून, म्हणजे २०१६ पासून, खुला आहे. विद्यार्थ्याला पहिला एलईडी त्याच मार्गाने लावायला शिकवा. नाहीतर पुढे बिघाड शोधताना तो कर्नलच्या डीबगएफएसमधली ‘पिनमक्स-पिन्स’ फाइल उघडेल, तिथे १५ व्या पिनेपुढे फक्त सीरियल पोर्टचे नाव दिसेल, आणि बिचारा दिवसभर जीपीएसची वायर तपासत बसेल.