विश्लेषण : नंदुरबारचे राजकारण फक्त आडनावांवरून कळते का?

माणिकराव गावित नंदुरबारमधून नऊ वेळा लोकसभेवर गेले. 2014 मध्ये हीना गावित आल्या, 2024 मध्ये गोवाल पाडवी. घराणे, पक्ष आणि मतांचा हिशेब मांडला की जिल्ह्याचे राजकारण समजले, असे आपण धरून चालतो. या हिशेबात 1972 चे शहादे मात्र बसत नाही.

तेव्हा काय घडले?

शहादा-तळोद्यात आदिवासींच्या जमिनी कर्जापायी सावकार आणि बड्या शेतकऱ्यांकडे गेल्या होत्या. मूळ मालक त्याच शेतात सालदार. हे दुःख जुनेच होते. नवा होता तो विचार : जमीन आपली होती आणि ती परत मागता येते. अंबरसिंग महाराज सुरतवंती भजनी मंडळांतून माणसे जोडत होते. बाहेरून आलेले तरुण कार्यकर्ते त्यांना मिळाले आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. भजनाच्या बैठकीतून जमिनीचा लढा, हे कोणत्या निवडणूक आकडेवारीत दिसणार? पुढे आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा 1975 मध्ये लागू झाला.

मग अडते कुठे?

संस्थेत. 1996 च्या पेसा कायद्याने 'आमच्या गावात आमचा कारभार' हा विचार मान्य केला. 2006 च्या वनहक्क कायद्याने दाव्यांची सुरुवातच ग्रामसभेपासून केली. पण ग्रामसभा कोणाची? धडगाव-अक्कलकुव्यात एकेक गाव डोंगरभर पाड्यांत विखुरलेले असते. लांबच्या पाड्यावरची बाई मजुरी बुडवून, दोन टेकड्या उतरून सभेला येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. सभा कागदावर भरते, निर्णय रस्त्यालगतच्या पाड्याचा होतो.

महाराष्ट्राच्या 2014 च्या पेसा नियमांत यावर तोड आहे. पाड्यातले मतदार ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मागू शकतात. मग ग्रामसभाही त्यांची स्वतःची. माझ्या मते जिल्ह्यातल्या कोणत्याही उमेदवारीपेक्षा ही तरतूद मोठी आहे, कारण जंगल, पाणी आणि निधीचा निर्णय कोणाच्या अंगणात होणार, हे तिच्यावर ठरते. दिवाळी-होळीदरम्यान निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात असेल, तर ठरावाला माणसे कुठून आणायची, हा प्रश्न नियमांनी सोडवलेला नाही.

पुढच्या निवडणुकीत तिकीट कोणाला, ही बातमी येईलच. किती पाड्यांनी ठराव केले आणि त्यातले किती गाव म्हणून जाहीर झाले, हेही उमेदवारांना एकदा विचारून पाहा.