चावणाऱ्या कुत्र्याचा मालक कोण?

सावनेर तालुक्यातील खापा हे कन्हान नदीच्या काठचे जुने गाव. येथील नगर परिषद १८६७ सालची, वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. अशा गावात कुत्रा पाळण्याची रीत महानगरापेक्षा वेगळी असते. ज्या दारात उरलेली पोळी मिळते, ते त्याचे घर. रात्री तो सगळ्या गल्लीची राखण करतो. घरची मंडळी त्याला नावाने हाक मारतात. पण त्याच्या गळ्यात पट्टा नसतो आणि घरात त्याच्या लसीचे कार्डही नसते. एखाद्या दिवशी तो शेजारच्या मुलाच्या पोटरीला चावतो. मुलाचे वडील विचारतात, ‘कुत्रा कोणाचा?’ त्या क्षणापासून त्या कुत्र्याला मालक उरत नाही.

गेली काही वर्षे देशात कुत्र्यांबाबत जी चर्चा चालू आहे, ती मात्र प्रामुख्याने जातींची आहे. पिटबुल, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो अशी नावे बातम्यांतून सर्वांना पाठ झाली आहेत. २०२२ च्या जुलैमध्ये लखनऊत पाळीव पिटबुलने घरातील वृद्ध महिलेचा जीव घेतला. त्यानंतर काही शहरांनी विशिष्ट जाती पाळण्यावर निर्बंध आणले. गोव्यात २०२४ च्या ऑगस्टमध्ये सात वर्षांचा मुलगा पिटबुलच्या हल्ल्यात दगावला आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने पिटबुल व रॉटवायलरवर बंदी आणण्याचा निर्णय घेतला. घटना भीषण होत्या, त्यामुळे बंदीची मागणी समजण्यासारखी आहे. पण अशा बंदीने खाप्यातील त्या मुलाचे रक्षण होईल का, हा प्रश्न वेगळा आहे.

२३ जातींच्या यादीचे काय झाले?

केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना एक परिपत्रक पाठवले. माणसाच्या जिवाला धोकादायक ठरवलेल्या २३ जातींची आयात, प्रजनन आणि विक्री थांबवावी आणि ज्यांच्या घरी असे कुत्रे आधीच आहेत त्यांनी त्यांची नसबंदी करून घ्यावी, असे त्यात म्हटले होते. यादीत पिटबुल टेरियर, रॉटवायलर, तोसा इनू, केन कोर्सो यांच्याबरोबर ‘टेरियर’ अशी सरसकट नोंद होती. ‘बँडॉग’सारखे, ज्याला ठरावीक जात म्हणता येत नाही, असे संकरित कुत्रेही होते.

कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे परिपत्रक रद्द केले. संबंधितांचे म्हणणे न ऐकता घेतलेला निर्णय टिकत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण होते. दिल्ली उच्च न्यायालयानेही त्याच महिन्यात जनतेच्या हरकती-सूचना मागवून नव्याने निर्णय घेण्याची वाट दाखवली. म्हणजे त्या परिपत्रकाच्या आधारे आज कोणाच्या दारातला कुत्रा बेकायदा ठरत नाही.

जातबंदीचा विदेशातील अनुभवही संमिश्र आहे. ब्रिटनने १९९१ च्या कायद्याने चार जातींवर बंदी घातली. तरीही हल्ले होत राहिले आणि २०२४ च्या फेब्रुवारीपासून ‘एक्सएल बुली’ हा पाचवा प्रकार यादीत घालावा लागला. नेदरलँड्सने पिटबुलवरची बंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण चावे कमी झाल्याचे दिसले नाही. विज्ञानाचे उत्तरही याच दिशेने जाते. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या वागणुकीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यातला केवळ ९ टक्के भाग जातीने उलगडतो, असे त्यात आढळले.

याचा अर्थ सगळे कुत्रे सारखेच धोकादायक असतात असा नाही. चाळीस किलोच्या, मजबूत जबड्याच्या कुत्र्याने केलेली जखम आणि छोट्या पॉमेरेनियनचा चावा यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. लहान मुलांची उंचीच अशी की चावा चेहऱ्यावर, मानेवर बसतो. त्यामुळे मोठा आणि ताकदवान कुत्रा पाळणाऱ्यावर जास्त काटेकोर अटी घालणे रास्तच आहे. पण तालुक्याच्या गावात मोजके लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि बाकी गावठी कुत्रे दिसतात. यांतले एकही नाव त्या २३ जणांच्या यादीत नव्हते.

रेबीज जात विचारत नाही

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२२-२३ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीतून वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश आणि ५,७२६ रेबीजमृत्यूंचा अंदाज निघाला. चारपैकी तीन चावे कुत्र्याचे होते. सरकारी नोंदीत मात्र २०२४ मध्ये देशभरात श्वानदंशाच्या सुमारे ३७ लाख घटना आहेत. कितीतरी चावे दवाखान्यापर्यंत पोहोचतच नाहीत, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

न पोहोचण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे ‘घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही’ हा समज. पिल्लाने खेळता खेळता दात लावला, तर त्याला कोणी चावा म्हणतच नाही. पण लस न दिलेले पिल्लू रेबीजच्या बाबतीत रस्त्यावरच्या कुत्र्याइतकेच धोक्याचे असते. या रोगाची लक्षणे एकदा सुरू झाली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. आणि चाव्यानंतर लगेच योग्य उपचार मिळाले, तर तो जवळपास नेहमीच टाळता येतो. वैद्यकशास्त्रात इतका टोकाचा फरक फार थोड्या आजारांत आढळतो.

चावा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना, तेल यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठावे. कातडीत दिली जाणारी लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी घ्यावी लागते. स्नायूत दिल्यास चौदाव्या दिवशीचा आणखी एक डोस असतो. रक्त निघाले असेल, तर नुसती लस पुरत नाही. लसीने शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवरचे संरक्षण म्हणून रेबीज इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच टोचावे लागते. हे औषध प्रत्येक लहान केंद्रात असेलच असे नाही. त्यामुळे खाप्याच्या रुग्णाला सावनेर किंवा नागपूर गाठावे लागू शकते. मजुरी बुडते, भाड्याचे पैसे लागतात, आणि मग तिसरा-चौथा डोस राहून जातो.

येथेच मालकाचा प्रश्न वैद्यकीय होतो. चावलेल्या कुत्र्याच्या लाळेत त्या वेळी विषाणू असेल, तर तो कुत्रा दहा दिवसांत आजारी पडतो किंवा मरतो. म्हणून लस सुरू करून कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितले जाते. पुढचे उपचार ठरवताना डॉक्टरांना ही माहिती मोलाची असते. पण ‘आमचा नाही तो’ म्हणून हात झटकले, कुत्र्याला दूर नेऊन सोडले किंवा गावाने तो मारून टाकला, तर ती माहिती कायमची हातची जाते. रेबीजचा संशय असलेल्या जनावराची खबर पशुवैद्यकीय यंत्रणेला देणे ही तर कायद्यानेच सांगितलेली जबाबदारी आहे.

कायदा ‘ताबा’ पाहतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ सांगते की, आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असताना पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली, तर कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. या कलमांत जातीचा उल्लेख नाही. कुत्रा चाळीस हजारांना विकत आणलेला असो की उकिरड्यावरून उचललेला, ‘ताब्यात’ हा शब्द दोघांनाही लागू पडतो.

शिक्षा होतेही. रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मुंबईतील न्यायालयाने २०२३ मध्ये एका व्यावसायिकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. मात्र ती घटना २०१० ची होती. निकालाला लागलेली ही बारा-तेरा वर्षे पाहता, केवळ फौजदारी कलमाच्या भरवशावर राहता येणार नाही हे उघड आहे.

शिवाय ताबा सिद्ध कसा करायचा? हा पेच नागपूरकरांना नवा नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी म्हटले होते की, ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे आहे त्यांनी ते रीतसर दत्तक घ्यावेत आणि त्यांची नोंदणी करावी. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशातील खाऊ घालणाऱ्यांवरील कारवाईच्या भागाला स्थगिती दिली. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी व लसीकरण झालेले कुत्रे मूळ जागी सोडण्यास मुभा दिली. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्र्यांना मात्र त्यातून वगळले. रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्याने तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची हमी घ्यावी, असेही त्यात आहे. पोळी घालणे आणि कुत्रा पाळणे यांच्यामधली रेषा आता हळूहळू आखली जात आहे.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकाची आहे. मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण स्थानिक संस्थेने करायचे आहे. दारात पोळी खाणारा, रस्त्यावर झोपणारा कुत्रा या दोन्हींच्या मध्ये पडतो आणि दोन्हीकडून सुटतो.

गावाच्या हातात काय आहे?

छोट्या गावाला एक सोय असते. कोणता कुत्रा कोणाच्या दारात बसतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. नगर परिषदेने वॉर्डावॉर्डांतून अशा कुत्र्यांची नावनिशी यादी केली, पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मदतीने वर्षातून एकदा लसीचे शिबिर घेतले आणि लस दिलेल्या कुत्र्याच्या गळ्यात रंगीत पट्टा बांधला, तर ताब्याचा पुरावाही तयार होतो आणि रोगाला आळाही बसतो. गावातील ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, हे जागतिक आरोग्य संघटनेने मानलेले प्रमाण आहे. कुत्र्यांपासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले आहे. त्याला आता फार वर्षे उरलेली नाहीत.

मालकाकडून अपेक्षा मोठ्या नाहीत. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, पशुवैद्यक सांगतील तेव्हा पुढचा डोस आणि मग दरवर्षी एक. बाहेर नेताना दोरी. पिल्ले नको असतील तर नसबंदी. आणि कुत्रा कोणाला चावलाच, तर लसीचे कार्ड घेऊन जखमी माणसाबरोबर दवाखान्यात जाणे आणि दहा दिवस कुत्रा बांधून ठेवणे. ‘कुत्रा कोणाचा?’ या प्रश्नाला ‘आमचा’ असे उत्तर मिळाले, तर त्या मुलाच्या उपचारांची दिशा पहिल्याच दिवशी ठरू शकते.