नवं कापड फाडून गोधडी होत नाही



आज थोडं कडू लिहिणार आहे. दुकानातून नवं कोरं कापड आणायचं, त्याचे तुकडे करायचे, ते तुकडे पुन्हा एकमेकांना जोडायचे आणि त्याला ‘क्विल्टिंगचा छंद’ म्हणायचं, हे मला पटत नाही. छंदाला माझा विरोध नाही. साठीनंतर हाताला काम आणि डोळ्यांना रंग हवेतच, आणि सुईइतकं मन शांत करणारं दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही. माझं भांडण आहे ते त्या नव्या कापडाशी.

गोधडी म्हणा, आपल्या कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ म्हणा, तिचा जन्म अडचणीतून झाला. साडी विरली, पण टाकवत नाही. धोतर मधोमध फाटलं, पण काठाकडे अजून घट्ट आहे. मग चांगला भाग वर, विरलेला आत, असे थर जमिनीवर अंथरायचे, कोपऱ्यांवर वजन ठेवायचं आणि कडेकडून धावदोरा घालत आत यायचं. आत कापूस नाही, साड्यांचेच थर. कापूस भरला की ती रजई. वाकळ धुता येते, उन्हात टाकता येते, आणि फाटली की तिच्यावरच आणखी एक थर चढवता येतो. म्हणजे ही वस्तू मुळातच ‘आता याचं काय करायचं?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. प्रश्नच नसेल तर उत्तर कशाला शिवायचं?

हे फक्त आपल्याकडचं नाही. बंगालच्या कांथ्यासाठी बायका जुन्या साडीच्या काठातूनच दोरा उसवून काढत. आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. हे लोक आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. जुन्या कपड्यांचे तुकडे घेऊन त्या कडेपासून सुरुवात करतात आणि फिरत फिरत मध्यावर पोचतात. चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून त्रिकोणी ‘फुला’ लावतात. त्या लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. तुकडे घरातलेच, पण शोभेत कसर नाही.

आणि ज्यांना अमेरिकेचं उदाहरण दिल्याशिवाय पटत नाही, त्यांच्यासाठी तेही देते. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची एक लहान वस्ती आहे, गुलामगिरीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची. तिथल्या बायकांनी शेतात घालून झिजलेल्या पँटी आणि शर्ट यांच्या गोधड्या शिवल्या. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईंनी नवरा गेल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी केली, त्याची आठवण अंगावर पांघरता यावी म्हणून. २००२ मध्ये या वस्तीतल्या गोधड्यांचं प्रदर्शन ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भरलं, मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात. २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्यानं त्यांची तिकिटं काढली. गुडघ्यावर विटलेली पँट जशीच्या तशी दिसते त्या गोधड्यांत. त्यांना कुणी ‘फिनिश नाही’ म्हटलं नाही.

आपल्याला मात्र हे वाक्य ऐकवलं गेलं. आमच्या मंडळात गोधडीचा वर्ग ठरला तेव्हा मला आनंदच झाला होता. मग किट आलं. पाच इंचांचे कापलेले चौकोन, अडीच इंचांच्या पट्ट्यांची गुंडाळी, त्यात थोडं रेशीम, मध्ये घालायला पॉलिस्टरचा थर, आणि वर बावीसशे रुपये. घरची जुनी साडी आणली तर चालेल का, असं एकीनं विचारलं. उत्तर आलं, ‘त्यात फिनिश येत नाही.’ मी नाव मागे घेतलं. तेव्हापासून दोघी-तिघी माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. पाठीमागे बोलण्यापेक्षा इथे लिहिलेलं बरं.

हे तयार तुकडे आले कुठून, तेही सांगते. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल फिरणाऱ्या पात्याचा कटर बाजारात आणला. हत्यार उत्तम आहे. एकावर एक थर ठेवा, पट्टी लावा, सर्रकन कापा. पण तो सुसाट चालतो सपाट, नव्या, शिवण नसलेल्या कापडावर. जुन्या सदऱ्याच्या शिवणीवर आणि बटणपट्टीवर अडखळतो. अशा घाईला जुनं कापड गैरसोयीचं आणि दुकानाला नवं कापड सोयीचं. आपण मात्र दुकानाच्या सोयीला कलेचा नियम समजून बसलो.

मी कॉमर्सची, त्यामुळे मला यात आधी हिशेब दिसतो. छंद लागलेल्या घरातलं कपाट उघडून बघा. ‘कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेलं कापड, सेलमध्ये मिळालं म्हणून घेतलेलं कापड, रंग आवडला म्हणून घेतलेलं कापड. परदेशात या ढिगाला ‘स्टॅश’ असा लाडाचा शब्द आहे. आमच्या पुस्तकात त्याला डेड स्टॉक म्हणत. व्यापाऱ्याला वर्षाअखेर त्याची किंमत कमी करून लिहावी लागते. आपण कधी लिहितो? दुकानदार निदान विकायला साठवतो. आपण साठवायलाच साठवतो.

आपल्या धर्मात या ढिगाला आधीच नाव आहे. परिग्रह परिमाण अणुव्रतात शेत, घर, सोनं, धान्य यांच्या ओळीत ‘कुप्य’ येतं, आणि तत्त्वार्थसूत्रावरच्या सर्वार्थसिद्धी टीकेत कुप्य म्हणजे सुती, रेशमी वस्त्रं वगैरे असा अर्थ दिला आहे. म्हणजे कापडाच्या ढिगाला मर्यादा घाला, हे आपल्या आचार्यांनी शेकडो वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. आपण दागिने मोजतो, साड्या मोजतो, आणि ‘हे तर माझ्या छंदाचं सामान’ म्हणून दोन खण मोजायचेच विसरतो.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. आपल्या भागात आषाढ-श्रावणात कपाटाला ओल येते. न हलवलेल्या कापडात कसर लागते. मग आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या गोळ्या कशासाठी असतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. धान्य साठवलं की जीव पडतात म्हणून चातुर्मासापूर्वी डबे रिकामे करणारी आपण माणसं. कापडाच्या खणाला तोच न्याय का नाही? आणि किटमधलं ते नवं रेशीम? कोष उकळूनच ते निघतं. आजीच्या जुन्या रेशमी साडीचं काय करायचं ते जिनं तिनं आपल्या नियमाप्रमाणे ठरवावं, पण तुकड्यांच्या हौसेसाठी नवं रेशीम विकत घेणं मला तरी कोणत्याच नियमात बसताना दिसत नाही. सुताचाही हिशेब आहेच. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचा अंदाज आहे. पाणी गाळून वापरणाऱ्या घरात हा आकडा नुसता वाचून पुढे जाण्यासारखा नाही.

आता तुमचे आक्षेप. ते मी ऐकलेत, त्यामुळे टाळत नाही.

‘जुनं कापड टिकत नाही.’ कुजलेलं टिकत नाही, हे खरं. म्हणून निवडायला शिकायचं. कापड खिडकीशी उजेडात धरा. जाळी दिसली तर ते आतल्या थराला. दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणून बघा. टरकलं तर ते फरशी पुसायला. निऱ्यांचा भाग पायाशी विरतो, पदर बहुधा चांगला असतो, तो वर घ्या. सुती आणि जॉर्जेट एकत्र शिवू नका, एक आटतं आणि एक सरकतं. हे निवडणं हाच अर्धा छंद आहे. किटमध्ये तोच वजा केलेला असतो.

‘रंग जुळत नाहीत.’ जुळलेले रंग विकत मिळतात, त्यात आपलं कौशल्य काय? घरात निघालेल्या सात-आठ रंगांतून काहीतरी देखणं बसवायचं, तिथे डोकं लागतं.

‘माझे पैसे, माझी हौस.’ मान्य. पण मग तिला ‘टाकाऊतून टिकाऊ’ म्हणून प्रदर्शनात मांडू नका. शोभेची चादर म्हणा, माझी काही हरकत नाही.

‘आम्ही घेतलं तर चार लोकांचं पोट भरतं.’ हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून त्याचं उत्तरही हिशेबानंच देते. माझ्या शेवटच्या वाकळीला साठ तासांच्या वर हात लागला. कापडाचा खर्च शून्य, दोऱ्याचा किरकोळ, बाकी सगळी मेहनत. किटमध्ये याच्या उलट, पैसा सगळा कापडाला आणि मेहनत आपली फुकट. पोट भरायचंच असेल तर वाकळ शिवून देणाऱ्या बाईकडे आपल्या जुन्या साड्या न्या आणि तिला तासांच्या हिशेबानं पैसे द्या. बावीसशेचं किट मुकाट्यानं घेणारी बाई तिच्याशी मात्र दोनशे रुपयांसाठी घासाघीस करते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला ते सगळ्यात जास्त लागतं.

तेव्हा माझी मागणी एवढीच. येत्या चातुर्मासात उपवासाबरोबर हा एक नियम घ्या. कार्तिकापर्यंत शिवणासाठी वीतभरही नवं कापड आणायचं नाही. पहिल्या दिवशी खण रिकामा करून मोजा, वहीत लिहा, म्हणजे तो झाला ओपनिंग स्टॉक. मग फर्स्ट इन, फर्स्ट आउट. जे सगळ्यात आधी आलं ते आधी सुईखाली. एक गोधडी पुरी झाल्याशिवाय दुसरीचं कापड काढायचं नाही. ज्याला तुम्ही वर्षभरात हात लावणार नाही असं वाटतं, ते गरज असलेल्या घरी देऊन टाका. बाळाच्या दुपट्यासाठी घरातली सगळ्यात मऊ झालेली सुती साडी राखून ठेवा, नव्या कापडाची खळ त्या कातडीला बोचते.

कार्तिकात पुन्हा मोजा. खण निम्मा झाला असेल आणि घरात एक ऊबदार वाकळ आली असेल, तर छंद कशाला म्हणतात ते मला वेगळं सांगावं लागणार नाही.