कबर नाही, म्हणून नाव

लंडनच्या पश्चिमेला रनीमीडच्या टेकडीवर एक स्मारक आहे. १९५३ साली राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या, ज्यांची कबर माहीत नाही अशा वीस हजारांहून अधिक हवाई सैनिकांची नावं त्याच्या दगडी भिंतींवर कोरली आहेत. त्यांत बाँबर विमानांवरचे पुष्कळ. जर्मनीला जायचं तर उत्तर समुद्र ओलांडायचा, परततानाही तोच. गोळ्यांनी चाळण झालेलं, इंधन संपत आलेलं लँकेस्टर विमान रात्री पाण्यावर आदळलं, की आतले सातही जण बहुधा एकदमच नाहीसे व्हायचे. काहींचे देह वाहत डेन्मार्क, हॉलंडच्या किनाऱ्याला लागले आणि तिथल्या दफनभूमीत विसावले. बाकीच्यांच्या घरी तार गेली ती ‘बेपत्ता’ एवढीच.

ब्रिटिश हवाई दलाच्या बाँबर कमांडच्या सुमारे सव्वा लाख उड्डाण-सैनिकांपैकी ५५,५७३ मेले. तरी लंडनच्या ग्रीन पार्कात त्यांचं स्वतंत्र स्मारक व्हायला २०१२ साल उजाडलं. या संकोचामागे १९४३चं हँबुर्ग आणि १९४५चं ड्रेस्डेन, म्हणजे बाँबफेकीत जळालेली जर्मन शहरं होती. एकट्या ड्रेस्डेनमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसं मेली. शहरं जाळणाऱ्यांचं स्मरण कशाला, हा आक्षेप म्हणूनच झटकून टाकता येत नाही. ‘हुकूम वरून आला होता’ हे उत्तर मला तोकडं वाटतं, कारण विमानात बसणारा प्रत्येक जण स्वेच्छेने त्या कामावर आला होता. पण नाव कोरणं म्हणजे गौरव करणं, ही समजूत आपल्याला पुतळ्यांनी लावली आहे. रनीमीडच्या भिंतीवर पराक्रमाचं वर्णन नाही, वर्ष, हुद्दा आणि नाव आहे. अशा नोंदीपासून सुरुवात करूनच कोण कोणत्या रात्री कोणत्या शहरावर गेला, हे शोधता येतं. ती पुसली तर ड्रेस्डेनचा हिशेबही अर्धवट राहील. आपल्याकडे बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर आरमारी लढाई किती बारकाईने कोरली आहे, पण त्या होड्यांतल्या माणसांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यामुळे त्यांची स्तुतीही करता येत नाही आणि त्यांना जाबही विचारता येत नाही.

नावं आहेत, मग बुडालेली विमानं कशाला उकरायची, असंही विचारलं जातं. खोल समुद्रातल्या अवशेषांबाबत मला ते पटतं. ब्रिटनच्या १९८६च्या कायद्यानेही लष्करी विमानांच्या अवशेषांना परवानगीशिवाय हात लावता येत नाही. पण सगळीकडे हे लागू होत नाही. मार्च १९४३मध्ये बर्लिनहून परतताना पडलेलं एक स्टर्लिंग बाँबर विमान नेदरलँड्समधल्या मार्करमीर सरोवरातून २०२०मध्ये वर काढलं गेलं. त्यातल्या सात जणांची नावं तोवर रनीमीडच्या भिंतीवरच होती. आता उत्तर समुद्राच्या तळाशी पवनचक्क्यांचे पाये आणि वीजवाहिन्या उतरत आहेत. तिथे खोदण्याआधी जुन्या नोंदींशी जागा ताडून पाहणं सक्तीचं असायला हवं, आणि त्याचा खर्च खोदणाऱ्या कंपनीने सोसावा.