महासत्ता आणि एकरी उतारा

भगर झोडून झाली, हरभरा उगवून वर आलाय, त्यामुळे मोलगीच्या थंडीत शेकोटीजवळ जरा बसायला वेळ आहे. या वेळी पिकाच्या नोंदीसोबत एक मोठा विषय घेतोय. लहान तोंडी मोठा घास म्हणा हवं तर.

जूनमध्ये मी आणि माझा पुतण्या डीएपीसाठी रांगेत उभे होतो. सकाळी सातला गेलो. अकराला कळलं की डीएपी संपलं, आणि दुसरं जे खत आहे ते घ्यायचं तर सोबत लिंकिंगची एक बाटली घ्यावी लागेल. रांगेत पुतण्या मोबाईल बघत होता. म्हणाला, "काका, आपण जपानला मागे टाकलं. जगात चौथा नंबर! अजून दोन-तीन वर्षांत जर्मनी पण मागे. मग आपण महासत्ताच." आमच्या मागे एक म्हातारबाबा होते. ते म्हणाले, "भाऊ, माझा नंबर कितवा ते बघ ना त्याच्यात. सकाळी सदतिसावा होतो."

सगळे हसले. मीही हसलो. पण पुतण्या थापा मारत नव्हता. मे २०२५ मध्ये नीती आयोगाच्या सीईओंनीच चौथ्या नंबरचं सांगितलं होतं. आणि असल्या बातमीने छाती फुगत नाही असं मी म्हणणार नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं तेव्हा आमच्या पाड्यावरची पंधरा-वीस पोरं रेंज मिळावी म्हणून टेकडीवर जाऊन बसली होती. मीही गेलो होतो. उतरलं तेव्हा असा आरडाओरडा झाला की खाली गुरं बिथरली.

पण आपण शेतकरी माणसं. कोणी सांगितलं की यंदा मला दोनशे क्विंटल मका झाला, तर आपला पहिला प्रश्न असतो, किती एकरात? पन्नास एकरात दोनशे क्विंटल काढणाऱ्याला आपण मोठा खातेदार म्हणू, मोठा शेतकरी म्हणणार नाही. देशाचंही मी तसंच बघतो. आपण १४० कोटींच्या वर, जपान साडेबारा कोटींच्या आत. एकूण ढीग सारखा झाला, पण माणशी उतारा काढला तर जपानचा आपल्या जवळपास बारा पट आहे. चीनचाही साडेचार-पाच पट. कापसाचं उदाहरण घ्या. कापसाखाली जगात सगळ्यात जास्त जमीन आपली. रुईचा उतारा मात्र हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास, आणि चीनचा दोन हजारच्या वर. (कृषी सहायक मंडळी म्हणतील की त्यांचा कापूस पाण्याखाली आणि आपला बहुतेक कोरडवाहू. खरंय. म्हणून तर म्हणतोय, एकूण आकड्यात हे काहीच दिसत नाही.)

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल काका फक्त रडतोय. ढिगालाही किंमत असते. मोठ्या खळ्यावर व्यापारी स्वतः गाडी घेऊन येतो, आपल्याला मात्र पोतं डोक्यावर घेऊन त्याच्याकडे जावं लागतं. देशांचं तेच आहे. गिऱ्हाईक मोठं असलं की लोक ऐकून घेतात. त्यामुळे नंबर खोटा नाही, अर्धा आहे एवढंच.

मग महासत्ता कशाला म्हणायचं? माझी व्याख्या साधी आहे. ज्याला "नाही" म्हणता येतं आणि त्यानंतर ज्याची चूल विझत नाही, तो मोठा.

आपल्या देशाने हे एकदा फार वाईट रीतीने अनुभवलंय. १९६५ आणि १९६६, लागोपाठ दोन दुष्काळ. पीएल-४८० कायद्याखाली अमेरिकेचा गहू यायचा, तेव्हा इथे रेशन भरायचं. व्हिएतनामच्या युद्धावर दिल्लीने नाराजी दाखवली, ती त्यांचे अध्यक्ष जॉन्सन यांना झोंबली. गहू त्यांनी बंद केला नाही, पण वर्षाचा करार न करता महिन्या-महिन्याच्या हिशेबाने जहाजं सोडायला लागले. म्हणजे दोरी हातात ठेवली. आपल्या महाराष्ट्रात बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो ज्वारी अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. आणि बांधावरचं गाजर गवत त्याच गव्हातून आलं असं सगळे मानतात. भीक संपली, तण राहिलं!

ती दोरी कशी सुटली? १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. सी. सुब्रमण्यम मंत्री होते, आपले अण्णासाहेब शिंदे त्यांच्यासोबत होते, स्वामीनाथन होते, इकडे वसंतराव नाईक हायब्रीड ज्वारीच्या मागे लागले होते. आणि दर वेळी विसरलं जातं ते हे की नवं बी, नवं खत घालून बघायची जोखीम शेतकऱ्याने घेतली. १९६८ मध्ये गहू दीड कोटी टनांच्या वर गेला. आज अकरा कोटींच्या वर आहे, आणि जगाच्या बाजारात तांदूळ विकणाऱ्यांत आपण पहिले. माझ्या मते देश खऱ्या अर्थाने मोठा झाला तो त्या चार-पाच वर्षांत. पोखरण त्यानंतरचं आहे.

याच्या उलटं उदाहरण रशियाचं, म्हणजे जुन्या सोव्हिएत संघाचं. अणुबॉम्ब होते, माणूस आधी अंतराळात पाठवला होता, सगळं जग टरकून होतं. आणि १९७२ पासून ते अमेरिकेचा गहू विकत घेत होते! अफगाणिस्तानात सैन्य घातलं तेव्हा, १९८० च्या जानेवारीत अमेरिकेने १ कोटी ७० लाख टन धान्य अडवलं. रशियाने अर्जेंटिनाकडून वगैरे भागवलं, उपाशी कोणी मेलं नाही. पण महासत्तेला धान्यासाठी दारोदार फिरावं लागलं. १९९१ मध्ये तो संघ मोडला. एकट्या गव्हामुळे मोडला असं नाही, पण ज्याच्या शेतात दम नाही त्याचं बाकीचं किती दिवस चालणार?

आता परत आपल्या रांगेत या. गव्हाची दोरी आपण सोडवली, पण ती खताच्या गोणीत जाऊन बसली. पोटॅश आपल्याकडे जवळपास निघतच नाही, सगळं बाहेरून येतं. डीएपी निम्म्याहून जास्त तयार येतं, आणि इथे बनतं त्याचा दगड नाहीतर आम्ल बाहेरचं. चीनने काय केलं बघा. १९७२ मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष निक्सन बीजिंगला येऊन गेला, त्यानंतर चीनने अमोनिया-युरियाचे १३ मोठे कारखाने बाहेरून विकत घेतले. आधी खत. आज युरिया आणि स्फुरदाच्या खतात तेच सगळ्यात मोठे, आणि २०२१ पासून त्यांनी डीएपी बाहेर पाठवायला हात आखडला. त्याची झळ दिल्लीला बसली असेल नसेल, आमच्या रांगेला बसली.

तेलाचंही तेच. खायचं निम्म्याहून अधिक तेल आयातीचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पाम तेल जेमतेम तीन आठवडे बंद केलं, तर इथे मोलगीच्या बाजारात डब्याचा भाव विचारायची भीती वाटत होती. आणि आपण तरी काय? त्याच मे महिन्यात आपणही गव्हाची निर्यात एका रात्रीत थांबवली. पुढे कांदाही थांबवला. शेतकऱ्याचा माल महाग झाला की दार बंद, स्वस्त झाला की उघडं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के कर लावला. त्याच ऑगस्टमध्ये गिरण्यांना सोपं जावं म्हणून आपल्या सरकारने कापसाचं आयातशुल्क काढलं. माझे साडू तळोद्याकडे कापूस करतात. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० होता, त्यांचा खेडा खरेदीत ६,८०० ला गेला. फोनवर म्हणाले, "भांडण दोन मोठ्यांचं, आणि तूट माझ्या गाडीत."

हे फक्त आजचं नाही. आमच्याच अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली आठवा. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज दिलं. लोकांनी पुनर्वसनाचे प्रश्न लावून धरले, बँकेने चौकशी समिती नेमली, आणि शेवटी मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज नको म्हणून सांगितलं. बघा, जागतिक बँकेला "नाही" म्हटलं. मी वर सांगितलेल्या व्याख्येत बसतंय. पण धरण झालंच, मणिबेलीसकट नर्मदाकाठची महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली. त्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के, आणि काठावरचे कित्येक पाडे वर्षानुवर्षं दिव्यावर. तेव्हा देशाने "नाही" म्हटलं म्हणजे आपल्याला काही मिळालं असं नसतं. ही गोष्ट माझ्या व्याख्येला भोक पाडते, पण लपवत नाही.

पुतण्याच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायचं तर, होय, होईल महासत्ता. पोट रिकामं असूनही देश तशी होऊ शकतो. चीनमध्ये १९५९ ते ६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली आणि १९६४ मध्ये त्यांनी अणुचाचणी केली. म्हणूनच मला नुसत्या "होईल का" या प्रश्नात रस वाटत नाही.

पुतण्याची मुलगी अडीच वर्षांची आहे. ज्या महिन्यात आम्ही रांगेत उभे होतो, त्याच महिन्यात अंगणवाडीताईंनी तिचं वजन केलं आणि ती मॅममध्ये आली. तिच्या बापाला चौथा नंबर पाठ होता, पोरीचं वजन त्याला ताईंनी सांगितल्यावर कळलं. त्याला दोष देत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत तो गुजरातला ऊसतोडीला असतो, पोर सोबत, खाणं मिळेल ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) आपल्या जिल्ह्यात पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक बालकं कमी वजनाची निघाली. माणशी उतारा म्हणतो तो हा.

यात माझाही हात आहे. सहा वर्षांपूर्वी मी भगर आणि नागली बंद करून सगळं रान मका-सोयाबीनला दिलं. माझी याहा नको नको म्हणत होती. बी राखेत कालवून टोपलीत ठेवायची, ते मी दोन वर्षांत संपू दिलं. मग २०२३ साल आलं, आपल्याच देशाच्या मागणीवरून संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष केलं, दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांना भरडधान्याचे पदार्थ वाढले, भाव थोडा हलला, आणि मी माझ्याच पाड्यात भगरीचं बी शोधत फिरत होतो! एका म्हातारीने पायलीभर दिलं, दुप्पट परत करायच्या बोलीवर. दुकानात शोधलं असतं तर आमच्या उतारावरच्या हलक्या जमिनीचं, आमच्या पावसाचं बी मिळालं नसतं.

यंदाची नोंद आता. डीएपी न मिळाल्याने मी मक्याला प्रत्येक गोणीच्या जागी सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि २० किलो युरिया दिला. हिशेब बसतो: डीएपीच्या गोणीत २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र, इकडे २४ आणि ९. वर गंधक मिळतं ते वेगळं. पीक कुठेही कमी पडलं नाही. तोटा एकच, रस्ता संपतो तिथून पाड्यापर्यंत एका गोणीऐवजी तीन वाहाव्या लागल्या, आणि शहाण्यांच्या तक्त्यात ती मजुरी धरलेली नसते. बियाण्याला स्फुरद विरघळवणारे जिवाणू चोळले होते. त्याचा किती फायदा झाला ते सांगता येणार नाही, कारण न चोळलेला पट्टा ठेवायला विसरलो. पुढच्या वर्षी ठेवतो.

भगर वीस गुंठ्यांत केली होती. खत शून्य. म्हातारीचं बी दुप्पट करून दिलंय. पुतण्या ऊसतोडीला जाण्याआधी येऊन गेला, पोरीसाठी भगरीचं पीठ दळून सोबत दिलंय, आणि होळीला आल्यावर परत वजन करायचं ताईंशी बोलून ठेवलंय. पुढच्या पावसात त्यालाही दहा गुंठे भगर करायची आहे म्हणतो. माझ्याकडे बियाण्याच्या तीन पायल्या राखेत ठेवल्या आहेत. एक त्याची. बाकी ज्यांना हव्यात त्यांनी रोहिणी लागायच्या आत सांगा, बोली तीच.