टीव्हीवरचा निकाल आणि आपल्या दारातली गाडी



समजा, रविवारची दुपार आहे. जेवणं झाली आहेत, टीव्ही चालू आहे आणि पडद्यावर गाड्यांचा कार्यक्रम लागलाय. निवेदक ज्या गाडीत बसलाय ती तुमचीच गाडी आहे. तेच मॉडेल, तोच रंग. तो दार आपटून बघतो, डॅशबोर्डवर टकटक करतो, नाक मुरडतो आणि सात मिनिटांत निकाल देऊन टाकतो: ही गाडी घेऊ नका.

आता खोलीत काय होईल ते तुम्हाला माहीत आहे. बाबा म्हणतील, "त्याला काय कळतंय? फुकटच्या गाड्या चालवतो तो." आई म्हणेल, "मी तेव्हाच दुसरी बघू म्हणत होते." आणि शाळेत जाणारं पोर हळूच विचारेल, "आपली गाडी वाईट आहे का?"

मला त्या पोराचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कारण त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" इतक्यात आटपत नाही. म्हणून आज या सदरात एका अशा गाडीची गोष्ट सांगते, जी आपल्या पुण्यात बनली, इथे लाडकी झाली आणि परदेशातल्या टीव्हीवर मात्र तिची पार खिल्ली उडाली.

पिंपरीची लेक

गाडीचं नाव इंडिका. रतन टाटांनी तिची कल्पना मांडली तेव्हा मागणी मोठी होती: आतून अॅम्बेसेडरसारखी ऐसपैस, बाहेरून झेनएवढी आटोपशीर, किंमत मारुती 800 च्या आसपास आणि चालवायला डिझेलचा खर्च. आपल्या भाषेत सांगायचं तर वधूवर सूचक मंडळातली यादी!

आकार देण्याचं काम इटलीतल्या ट्युरिनच्या एका डिझाइन संस्थेकडे गेलं. कारखान्यासाठी ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला प्लांट विकत घेतला, सुटा केला, जहाजाने आणला आणि पुण्यात उभा केला. जानेवारी 1998 मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी लोकांना दाखवली आणि 30 डिसेंबर 1998 ला ती बाजारात आली. आठवडाभरातच एक लाखाच्या वर लोकांनी पैसे भरून नाव नोंदवलं. गाडी चालवून न बघता, बरं का.

मग गाड्या घरोघरी पोचल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. आवाज फार, थरथर फार, गिअर जड. 2000-01 या वर्षात कंपनीला 500 कोटी रुपयांचा तोटा झाला. 

इथे मालकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. घरी बसून गाडीची बाजू घेत राहिले असते, तर गाडी तशीच राहिली असती. ते गाड्या घेऊन सर्व्हिस सेंटरच्या दारात उभे राहिले. कंपनीने ठिकठिकाणी शिबिरं भरवली, भाग फुकट बदलून दिले आणि त्या तक्रारींच्या वह्यांमधून 2001 मध्ये सुधारलेली इंडिका व्ही2 तयार झाली. ती चालली, आणि चांगली चालली. टॅक्सीवाल्यांनी तर तिला घरचीच मानलं.

मी राहते ते इन्नंबूर कुंभकोणमच्या अगदी जवळ आहे. नवग्रहांची नऊ देवळं एका दिवसात करायला आलेले लोक इथे पहाटे गाडी ठरवतात. त्यात पुण्या-मुंबईची, नाशिकची कुटुंबंही असतात. आमच्या ओळखीचे एक टॅक्सीवाले अण्णा आहेत, त्यांनी कित्येक वर्षं इंडिका चालवली. गाडी कशी होती असं मी विचारलं, तर ते आवाज, पिकअप वगैरे काही बोललेच नाहीत. म्हणाले, "मुलीचं कॉलेज तिने केलं." एवढाच त्यांचा रिव्ह्यू.

आणि विलायतेत काय झालं?

ब्रिटनमध्ये एमजी रोव्हर नावाची जुनी कंपनी तेव्हा पैशाच्या चणचणीत होती. त्यांना छोटी, स्वस्त गाडी हवी होती आणि नवी बनवायला पैसा नव्हता. त्यांनी टाटांशी करार केला. पुण्यात बनलेली इंडिका थोडी सजवली, सस्पेन्शनमध्ये बदल केले, पुढे रोव्हरचं बोधचिन्ह लावलं आणि 2003 मध्ये ती "सिटीरोव्हर" म्हणून विकायला काढली. किंमत 6,495 पौंडांपासून पुढे. तेव्हाच्या दराने साधारण पाच लाख रुपये.

बीबीसीचा "टॉप गिअर" हा गाड्यांचा फार गाजलेला कार्यक्रम. त्यांनी चाचणीसाठी गाडी मागितली आणि कंपनीने दिली नाही. मग निवेदक जेम्स मे साधा गिऱ्हाईक बनून शोरूममध्ये गेले, छुपा कॅमेरा लावून गाडी चालवून आले आणि कार्यक्रमात तिची सालटी काढली. आजवर चालवलेल्या सर्वांत वाईट गाड्यांच्या पंगतीत त्यांनी तिला बसवलं.

आता सांगा, खोटं कोण बोलत होतं? अण्णा की जेम्स मे?

कोणीच नाही. लोखंड तेच होतं, प्रश्न वेगळे होते. आपल्याकडे 1998 मध्ये प्रश्न होता, "आई-बाबा, दोन पोरं आणि आजी एका गाडीत मावतील का, आणि महिन्याचा डिझेलचा खर्च झेपेल का?" या प्रश्नाला इंडिका हे चोख उत्तर होतं. ब्रिटनमध्ये 2003-04 ला प्रश्न होता, "साधारण एवढ्याच पैशात आणखी काय मिळतंय?" तिथे शेजारच्या शोरूममध्ये फियाटची नवी पांडा उभी होती, जिला 2004 चा युरोपातला "कार ऑफ द इयर" हा मान मिळाला. तिच्यापुढे पाच वर्षं जुनी गाडी, वर मोठ्या घराण्याचं नाव लावलेली. आपल्याकडे म्हणतात ना, नाव मोठं लक्षण खोटं, तसं तिकडच्या लोकांना वाटलं. दोष गाडीचा जेवढा होता, त्याहून जास्त किमतीचा आणि मिरवण्याचा होता.

ज्यांनी सिटीरोव्हर घेतली होती त्यांचाही विचार करा. आपण हौसेने घेतलेल्या वस्तूला सारा देश हसतोय, हे बघणं सोपं नसतं. पण त्यांना खरा फटका त्या हसण्याने बसला नाही. एप्रिल 2005 मध्ये एमजी रोव्हर कंपनीच बुडाली. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि मालकांच्या हातात राहिली ती मागे कंपनीच न उरलेली गाडी. वॉरंटी कोण पाळणार, पार्ट कुठून आणायचे? टीव्हीवरचा टोमणा महिन्याभरात विसरता येतो. अशी गाडी दारात वर्षानुवर्षं उभी राहते.

गोष्टीचं शेपूट गमतीशीर आहे. 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतली आणि तिच्याबरोबर "रोव्हर" हे नावही टाटांकडे आलं. जे नाव उसनं घेऊन पुण्याची गाडी तिकडे विकायला ठेवली होती, ते नावच पुढे पुण्याच्या गाडीवाल्यांच्या मालकीचं झालं.

आपला तो बाळ्या

आपण चिडतो का, याचं कारण साधं आहे. मध्यमवर्गीय घरात गाडी ही घरानंतरची सर्वांत मोठी खरेदी. तिच्यात पाच-सात वर्षांचा हप्ता असतो, मोडलेली एफडी असते, रद्द केलेली सहल असते. नारळ फोडून, हळद-कुंकू लावून, चाकाखाली लिंबू ठेवून ती घरी आलेली असते. तिला कोणी नावं ठेवली की आपल्या निर्णयालाच नावं ठेवल्यासारखं वाटतं. मग आपला तो बाळ्या आणि दुसऱ्याचं ते कारटं!

आवडीनिवडीच्या बाबतीत हे अगदी ठीक आहे. सीटचं कापड, दाराचा आवाज, पिकअप, प्लास्टिकचा पोत यावर निवेदकाशी मनसोक्त भांडा. तो वर्षाला पन्नास गाड्या चालवतो म्हणून त्याला तुलना छान जमते. तुम्ही एकच गाडी सहा वर्षं चालवता, म्हणून तिचा खर्च, तिची सवय आणि पावसाळ्यातलं तिचं वागणं तुम्हालाच ठाऊक असतं. दोघांच्याही म्हणण्याला वजन आहे.

पण एक खण असा आहे जिथे बाळ्याची बाजू घ्यायची नाही. तो सुरक्षिततेचा.

जानेवारी 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. अल्टो 800, नॅनो, आय10, फिगो आणि एअरबॅग नसलेली पोलो. मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. तेव्हाही घराघरांत हेच ऐकू आलं: "आपल्या रस्त्यावर एवढा वेग असतो कुठे?" "दहा वर्षं चालवतोय, काही झालं नाही."

काही झालं नाही, हा गाडीचा गुण नाही. ते नशीब आहे.

त्याच चाचणीनंतर पोलो बनवणाऱ्या कंपनीने भारतात प्रत्येक पोलोत दोन एअरबॅग द्यायला सुरुवात केली आणि एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. पुढे सरकारी नियमही कडक होत गेले. डिसेंबर 2018 मध्ये टाटांची नेक्सॉन ही ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी भारतात बनलेली पहिली गाडी ठरली. तीही पुणे जिल्ह्यातली, रांजणगावची! आणि ऑक्टोबर 2023 पासून आपली स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. बोचरा निकाल कोणीतरी ऐकून घेतला, म्हणूनच हे घडलं.

मग पुढच्या वेळी काय करायचं?

टीव्हीवर तुमच्या गाडीचा, किंवा तुम्ही घेणार असलेल्या गाडीचा रिव्ह्यू लागला, तर तीन गोष्टी मनात विचारा.

*हा माणूस कोणासाठी बोलतोय?* एकट्याने वेगात जाणाऱ्यासाठी की आजीला मागे बसवून देवदर्शनाला नेणाऱ्यासाठी? तुमच्या घरात कोण कोण आहे, त्यावर अर्धा निकाल ठरतो.

*तुलना कशाशी चाललीय?* किंमत, साल आणि व्हेरियंट बघा. टीव्हीवर बहुतेक वेळा सर्वांत महागडं व्हेरियंट फिरवतात. तुमच्या बजेटमध्ये येणाऱ्या गाडीत त्यातलं काय असेल, ते शोरूममध्ये नीट विचारा.

*तो आवडीबद्दल बोलतोय की जिवाबद्दल?* आवडीबद्दल असेल तर हसून सोडून द्या. ब्रेक, एअरबॅग, तारे, सीटबेल्ट यांबद्दल असेल तर चिडायच्या आधी कागदपत्रं काढून बघा, आपल्या गाडीत काय आहे आणि काय नाही.

गाडी आहे ती लगेच बदलणं सगळ्यांना जमत नाही, हे मलाही कळतं. पण टायर वेळेवर बदलणं जमतं. वेग आवरणं जमतं. मागे बसणाऱ्यांनी पट्टा लावणं तर फुकट आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते अतिशय महागड्या गाडीत मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. गाडी कितीही भारी असो, पट्टा आपल्यालाच लावावा लागतो.

आणि त्या पोराला काय सांगायचं? मी तर असं सांगेन: "आपली गाडी वाईट नाही बाळा. ती आपल्याला जमली तेव्हा, जमली त्या किमतीत घेतली आणि तिने आपली खूप कामं केली. पण तिच्यात काही गोष्टी कमी आहेत. त्या कोणत्या, ते आपण दोघं मिळून आज बघू." मग खरंच त्याला घेऊन खाली जा. मागच्या सीटचे पट्टे गादीखाली दबलेले असतील, ते बाहेर काढा. अडकत असतील तर या आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

निवेदकाच्या सात मिनिटांतून एवढं जरी झालं, तरी कार्यक्रम सार्थकी लागला म्हणायचा.

भेटूया पुढच्या वेळी. तोवर सांभाळून चालवा!